फ्रीझरमधला लग्नाचा केक: एक प्रथा टिकावी म्हणून काय काय बदललं?

अमेरिकेत लग्न करणाऱ्या बऱ्याच जोडप्यांच्या फ्रीझरमध्ये वर्षभर एक डबा पडून असतो. लग्नाच्या केकचा सगळ्यात वरचा, छोटा मजला प्लास्टिक आणि फॉइलमध्ये गुंडाळून त्यात ठेवलेला असतो. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला तो बाहेर काढायचा आणि दोघांनी मिळून खायचा. चवीचं विचाराल, तर बहुतेक वेळा कोरडा लागतो आणि फ्रीझरचा वास येतो. दोघं हसतात, दोन घास खातात, उरलेला टाकून देतात. तरी पुढचं जोडपं पुन्हा ठेवतंच.

का ठेवतात? विचारलं तर उत्तर येतं, ‘परंपरा आहे.’ या उत्तरावर समाधान मानून बरेच जण थांबतात. संशोधन करायचं ठरवलेल्या तुम्ही मात्र इथे थांबू नका, कारण आपलं काम इथूनच सुरू होतं.

माझं शिक्षण विज्ञानातलं, इतिहासाचा रीतसर अभ्यास मी केलेला नाही. पण या केकच्या मागे लागल्यावर एक गोष्ट पक्की कळली. जी प्रथा पिढ्यान्‌पिढ्या ‘तशीच’ चालत आलेली दिसते, ती तशी दिसावी म्हणून तिच्याभोवतीचं बरंच काही बदललेलं असतं. इथे आधी केक बदलला, मग तो साठवायची पद्धत बदलली, खायचा दिवस बदलला आणि खाणारी माणसंही बदलली. ‘ठेवणं’ तेवढं उरलं. हे कसं घडलं ते क्रमाने बघू. वाटेत पुरावा कसा तपासायचा तेही बघू.

आधी काळ ठरवा

कुठल्याही प्रथेबद्दल पहिला प्रश्न असतो, ही किती जुनी? आणि पहिली चूकही इथेच होते, कारण जुनी म्हटलं की आपण लगेच ‘फार पूर्वीपासून’ असं लिहून मोकळे होतो.

वर्षभर केक जपायची ही रीत इंग्लंडकडून आलेली. तिथे १७६९ साली एलिझाबेथ रॅफल्ड यांचं ‘द एक्सपीरिअन्स्ड इंग्लिश हाउसकीपर’ हे पुस्तक निघालं. त्यात ‘ब्राइड केक’ची कृती आहे. प्रमाण बघा: ४ पौंड मैदा, ४ पौंड लोणी, २ पौंड साखर, ४ पौंड बेदाणे, ३२ अंडी, शिवाय साखरेत मुरवलेल्या फळांच्या साली आणि ब्रँडी. वरून बदामाचा एक थर आणि त्यावर साखरेचा पांढरा थर. म्हणजे आपल्याकडे नाताळात मिळणाऱ्या प्लम केकचा हा दांडगा पूर्वज. पण हा केक एकच, भलामोठा, गोल. त्याला मजले नाहीत.

१० फेब्रुवारी १८४० ला राणी व्हिक्टोरियाचं लग्न झालं. तिचा केक सुमारे ३०० पौंडांचा, म्हणजे १३६ किलोच्या आसपास, आणि घेर ३ यार्डांचा. तोही मुळात एक प्रचंड गोल फ्रूट केकच. वर साखरेच्या मूर्तींची सजावट. त्याचे तुकडे डब्यांतून लोकांना पाठवले गेले. त्यातले काही आजही शिल्लक आहेत. २०१६ मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात असा एक तुकडा १,५०० पौंडांना विकला गेला.

पुढे १८५८ मध्ये व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलीच्या लग्नात केक उंच, तीन भागांचा दिसतो. पण खाण्याजोगा केक फक्त तळाचा, वरचे भाग निव्वळ साखरेचे! वरपासून खालपर्यंत सगळे मजले खऱ्या केकचे असलेला राजघराण्यातला केक येतो तो १८८२ मध्ये, राजपुत्र लिओपोल्डच्या लग्नात.

आता विचार करा. ‘वरचा मजला जपून ठेवायचा’ ही प्रथा किती जुनी असू शकते? वरचा मजला केकचा असल्याशिवाय तो ठेवायचा प्रश्नच येत नाही. केकचा तुकडा जपणं त्याआधीपासून असेल, व्हिक्टोरियाचे तुकडे त्याला साक्षी आहेत. पण मजला ठेवायची रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापेक्षा मागे नेता येत नाही. प्रथा अमुक काळाच्या आधीची असूच शकत नाही अशी एक खालची मर्यादा आपल्याला मिळाली, आणि तीही कुणाच्या आठवणीवर विसंबून न राहता वस्तूच्या रचनेवरून. लेखी नोंद हाताशी नसेल तेव्हा ही युक्ती फार उपयोगी पडते.

याच ठिकाणी एका गोड गोष्टीपासून सावध करतो. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर सेंट ब्राइड्स नावाचं चर्च आहे. त्याचा मनोरा वर निमुळता होत जाणाऱ्या मजल्यांचा. अठराव्या शतकात जवळच्या एका बेकरवाल्याने तो मनोरा बघून मजल्यांचा लग्नाचा केक काढला, अशी दंतकथा सांगतात. ‘ब्राइड’ म्हणजे वधू, त्यामुळे गोष्ट जास्तच जुळते. पण त्यानंतर कितीतरी दशकं, अगदी राणीच्या लग्नातसुद्धा, केक सपाटच होता. बेकरवाल्याचा शोध एवढा गाजला असता, तर तो राजवाड्यापर्यंत पोचायला इतका काळ का लागला? उगमाची कथा फार सुबक असेल तर तिच्यापुढचा काळ तपासा. बहुतेक वेळा तिथेच ती अडखळते.

हा केक टिकायचा कसा?

आता विज्ञान. अन्न खराब होतं ते त्यातल्या पाण्यामुळे, असं आपण ढोबळपणे म्हणतो. पण मुरांब्यातही पाणी असतंच की. तरी तो वर्षभर टिकतो, आणि त्याच फळाची ताजी फोड दोन दिवसांत नासते. फरक असा की मुरांब्यातलं पाणी साखरेने धरून ठेवलेलं असतं, जंतूंच्या वाट्याला ते येत नाही. या ‘उपलब्ध’ पाण्याच्या मापाला वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाण्याची १. बहुतेक जीवाणूंची वाढ साधारण ०.९१ च्या खाली थांबते, नेहमीच्या बुरशा ०.८० च्या आसपास अडतात, आणि ०.६० च्या खाली कुठलाच सूक्ष्मजीव वाढत नाही. ऑस्ट्रेलियातले विल्यम जेम्स स्कॉट यांनी १९५० च्या दशकात हे गणित नीट मांडलं. पण मुरांबा करणाऱ्या आपल्या आज्यांना आणि ब्राइड केक करणाऱ्या इंग्रज बायकांना त्याचा अनुभव शेकडो वर्षांचा होता.

फ्रूट केकमध्ये साखर, बेदाणे, मुरवलेल्या साली सगळं पाणी बांधून ठेवणारं. त्यात ब्रँडी. बाहेरून बदामाचा तेलकट थर, आणि त्यावर अंड्याचा पांढरा बलक आणि साखर यांचं दगडासारखं कडक आयसिंग. केक आतल्या आत मुरतो, काही महिन्यांनी त्याची चव उलट सुधारते. एवढा सगळा बंदोबस्त असताना फ्रीझरची गरजच काय? घट्ट डबा आणि कोरडं कपाट पुरे.

याची दोन टोकाची उदाहरणं आहेत. पहिलं मिशिगनमधल्या एका कुटुंबाचं. १८७८ मध्ये घरच्या बाईने भाजलेला फ्रूट केक त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला. २००३ मध्ये, म्हणजे सव्वाशे वर्षांनी, टीव्हीवर जे लेनो यांनी त्याचा तुकडा खाऊनही दाखवला. दुसरं अंटार्क्टिकामधलं. केप अडेअर इथल्या जुन्या झोपडीत २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या अंटार्क्टिक हेरिटेज ट्रस्टच्या लोकांना हंटली अँड पामर्स कंपनीचा एक फ्रूट केक सापडला. तो दर्यावर्दी रॉबर्ट स्कॉट यांच्या १९१०–१३ च्या मोहिमेतला असावा असं मानतात. पत्र्याचा डबा गंजलेला, पण केक जवळजवळ खाण्याजोगा. फक्त लोण्याचा किंचित खवट वास येत होता. हा खवट वास लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण थांबा. या दोन उदाहरणांवरून ‘फ्रूट केक शंभर वर्षं टिकतो’ असा निष्कर्ष काढला तर मार्गदर्शक तुमचं प्रकरण परत करतील, आणि बरोबरच करतील. जे केक बुरसटले ते कुणी जपले नाहीत, त्यांची बातमी झाली नाही, त्यांचा लिलाव झाला नाही. आपल्यासमोर फक्त तगलेले नमुने आहेत. याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. दस्तऐवजांनाही हाच नियम लागू. अभिलेखागारात जे आहे ते ‘जे घडलं’ त्याचा नमुना नसतो, ‘जे टिकलं’ त्याचा असतो. आपण एवढंच म्हणू शकतो की असा केक वर्ष-दोन वर्षं सहज टिकण्यासारखा होता. प्रथेला तेवढंच हवं होतं.

केक बदलला

एकोणिसाव्या शतकात पांढरा मैदा आणि शुभ्र साखर स्वस्त होत गेली. शतकाच्या मध्यानंतर बेकिंग पावडर मिळू लागली. हलका, पांढरा केक घरोघरी करता येऊ लागला. अमेरिकेत काही काळ दोन्ही नांदले: वधूचा पांढरा केक आणि वराचा काळपट फ्रूट केक. वराचा केक कापून छोट्या डब्यांतून पाहुण्यांना घरी न्यायला देत. लग्न न झालेल्या मुलीने तो तुकडा उशाखाली ठेवून झोपायचं, म्हणजे होणारा नवरा स्वप्नात येतो, अशी समजूत. पुढे विसाव्या शतकात मुख्य टेबलावर पांढरा केकच राहिला.

आणि इथे पंचाईत झाली. पांढऱ्या स्पंजात बेदाणे नाहीत, ब्रँडी नाही, बाहेरून बदामाचं कवच नाही. वर लोण्याची नाहीतर क्रीमची मऊ सजावट. हा केक आठवडाभरातच शिळा होतो.

शिळा होतो म्हणजे काय होतं? आपल्याला वाटतं, सुकतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८५२ मध्येच दाखवलं होतं की पावातलं पाणी उडू दिलं नाही तरी तो शिळा होतोच, आणि गरम केला की पुन्हा बराचसा मऊ होतो. पुढे १९२० च्या दशकात योहान काट्झ यांनी क्ष-किरणांनी कारण दाखवलं: भाजताना विस्कटलेले स्टार्चचे रेणू थंड झाल्यावर हळूहळू पुन्हा शिस्तीत रांगा लावतात. शिळी पोळी तव्यावर गरम केली की मऊ का होते, याचं उत्तर हेच.

यातली गमतीची गोष्ट अशी की ही रांग लावण्याची क्रिया शून्याच्या थोडं वर, म्हणजे नेमकी फ्रीजच्या तापमानाला, सगळ्यात जोरात चालते. म्हणजे केक फ्रीजमध्ये ठेवून बुरशी लांबते, पण शिळेपणाला मात्र घाई होते. शून्याच्या पुरेसं खाली गेलं तरच ती क्रिया जवळपास थांबते. पांढरा केक वर्षभर ठेवायचा तर फ्रीझरला पर्याय नाही.

मग फ्रीझर आला

क्लॅरेन्स बर्ड्‌सआय हे अमेरिकी गृहस्थ १९१२ नंतर काही वर्षं कॅनडातल्या लॅब्रॅडॉरमध्ये होते. कडाक्याच्या थंडीत झटकन गोठलेले मासे नंतर शिजवल्यावर ताज्यासारखे लागतात, हे त्यांनी तिथे पाहिलं. झटकन गोठलं की बर्फाचे स्फटिक लहान राहतात आणि पेशी कमी फाटतात. त्यांच्या पद्धतीने गोठवलेलं अन्न ६ मार्च १९३० ला मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत विक्रीला आलं. घरोघरी फ्रीझर पसरला तो मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर.

फ्रीझरचा आदर्श आकडा उणे १८ अंश सेल्सिअस. हा विचित्र आकडा का? कारण फॅरनहाइटमध्ये तो सरळ ० येतो. या तापमानाला सूक्ष्मजीव वाढत नाहीत. पण सगळं थांबतं का? अमेरिकी कृषी खात्याच्या कॅलिफोर्नियातल्या आल्बनी इथल्या प्रयोगशाळेत १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून यावर मोठं काम झालं. निष्कर्ष असा की गोठलेल्या अन्नाचा दर्जा घसरतच राहतो, फक्त हळू. तापमान वर गेलं की घसरण वाढते, आणि झालेलं नुकसान पुन्हा थंड करून भरून येत नाही. ते साठत जातं.

काय काय घसरतं? बर्फ द्रव न होता थेट वाफ होऊन उडतो, आणि केकचा पृष्ठभाग कोरडा, पांढुरका पडतो. याला फ्रीझर बर्न म्हणतात. लोण्यातली चरबी हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू खवट होते. आठवला ना अंटार्क्टिकाचा केक? आणि आजकालचे आपोआप बर्फ वितळवणारे फ्रीझर तर ठरावीक वेळाने किंचित गरम होतात, त्यामुळे स्फटिक मोठे होत जातात. प्रयोगशाळेत एन्झाइम्स अशा घरगुती फ्रीझरमध्ये ठेवू नका म्हणून सिनिअर ओरडतात, ते याचसाठी.

म्हणून ज्यांना केक ठेवायचाच आहे त्यांनी आधी तो उघडाच गार करून वरचं क्रीम घट्ट होऊ द्यावं. मग प्लास्टिक फिल्म हवा न राहता चिकटून गुंडाळावी, वर फॉइल लावावी आणि डब्यात बंद करावं. काढताना गुंडाळलेलाच एक दिवस फ्रीजमध्ये सोडावा, म्हणजे बाहेरच्या हवेतलं पाणी केकवर न जमता वेष्टनावर जमेल. एवढं करूनही लग्नाच्या दिवशीची चव परत येत नाही.

आता खरा प्रश्न: खातं कोण?

इथपर्यंत आपण केक आणि यंत्र बघितलं. आता माणसं बघू. इंग्लंडमध्ये वरचा मजला ठेवायचे तो पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी. लग्नानंतर वर्षभरात पाळणा हलणार हे गृहीतच होतं. राजघराण्यात ही रीत आजही दिसते. एप्रिल २०११ मध्ये विल्यम आणि केट यांच्या लग्नात आठ मजली फ्रूट केक होता. त्यातला भाग जॉर्जच्या बाप्तिस्म्याला २०१३ मध्ये वाढला, आणि लुईच्या बाप्तिस्म्याला २०१८ मध्येही. सात वर्षं! फ्रूट केक होता म्हणूनच जमलं.

अमेरिकेत मात्र दिवस बदलून लग्नाचा वाढदिवस झाला. याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं की मूल उशिरा होऊ लागलं, केक तोवर थांबेना, म्हणून जवळची तारीख निवडली. पटण्याजोगं आहे. पण पटणं आणि सिद्ध होणं वेगळं. हे खरं असेल तर लग्न आणि पहिलं मूल यांतलं अंतर जिथे आधी वाढलं, तिथे वाढदिवसाची रीतही आधी दिसायला हवी. लग्नाच्या रीतीभातींची जुनी पुस्तकं आणि जन्मनोंदी शेजारी ठेवल्या तर हे तपासता येईल. फक्त एक भान ठेवा: अशी पुस्तकं ‘काय करावं’ ते सांगतात, लोक ‘काय करत होते’ ते नव्हे.

मला स्वतःला दुसरा बदल जास्त महत्त्वाचा वाटतो. बाप्तिस्म्याचा केक पाहुणे खात. डब्यातला तुकडा न आलेल्या माणसापर्यंत पोचायचा. जपलेला केक घराबाहेर जाण्यासाठी होता. फ्रीझरमधला केक दोघांचाच. तो कुणाला वाढायचा नसतो, म्हणून तो बेचव असला तरी चालतो. पाहुण्यांना असा केक कुणी देईल का? समाजाला वाटण्याची गोष्ट जोडप्याची खासगी आठवण झाली, आणि ‘वरचा मजला ठेवायचा’ हे एकच वाक्य दोन्हींवर बेमालूम बसलं.

युद्धकाळात याची परीक्षाच झाली. १९४० मध्ये ब्रिटनमध्ये साखरेचं रेशनिंग सुरू झालं आणि केकवर साखरेचं आयसिंग करायलाच बंदी आली. लोकांनी काय करावं? छोट्याशा साध्या केकवर पुठ्ठ्याचं, पांढरं, मजल्यांचं खोटं आवरण भाड्याने आणून ठेवलं आणि फोटो काढले. ग्लासगोचे मानवशास्त्रज्ञ सायमन चार्सली यांनी १९९२ मध्ये लग्नाच्या केकवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आधी वस्तूचा आकार घडतो, अर्थ लोक नंतर चिकटवतात. पुठ्ठ्याचा केक आणि फ्रीझरमधला स्पंज बघितला की ते पटतं.

तुमच्यासाठी

एवढ्याशा केकसाठी आपल्याला पाककृती, लिलाव, क्ष-किरण, शीतगृहं आणि जन्मनोंदी लागल्या. विषय ‘छोटा’ आहे म्हणून घाबरू नका. त्यातून तपासता येईल असा प्रश्न निघतो का, तेवढं बघा.

एक गृहपाठ देतो. गोव्यात आणि वसई-मुंबईच्या ख्रिस्ती लग्नांत प्लम केकचे छोटे तुकडे कागदात बांधून पाहुण्यांना द्यायची रीत आहे. ओळखीच्या एखाद्या घरी जा आणि आजीला, आईला, मुलीला वेगवेगळं बसवून विचारा: केक कसला होता, कुणी केला, कुठे ठेवला, किती दिवस टिकला, कुणाकुणाला पाठवला. ‘का’ हा प्रश्न मुद्दाम विचारू नका. त्याला तिघीही ‘परंपरा’ म्हणतील. बाकीच्या पाच प्रश्नांना तिघी वेगळी उत्तरं देतील, आणि त्या फरकांतच तुमचा संशोधन-प्रश्न असेल.